सिंचन डिस्ट्रिक्टचे कर्जरोखे : तारण कोणाचे, मत कोणाचे आणि शेजारी थकला तर भार कोणावर?

पाटचारी (धागाकर्ता)

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत शेतीच्या पाण्यासाठी जमीनमालकांनी कायद्याने उभ्या केलेल्या निमसरकारी संस्था आहेत. कॅलिफोर्नियात त्यांना इरिगेशन डिस्ट्रिक्ट म्हणतात. ॲरिझोनाच्या कायद्यात त्यांच्याच कुळातला ॲग्रिकल्चरल इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट हा प्रकार आहे आणि फिनिक्स परिसराला पाणी व वीज पुरवणारा सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट त्याच प्रकारात मोडतो. (कलेक्टरच्या महसुली जिल्ह्याशी यांचा संबंध नाही, म्हणून मी ‘डिस्ट्रिक्ट’ हाच शब्द ठेवतो.) या संस्था धरणे आणि कालवे बांधण्यासाठी कर्जरोखे काढतात. फिनिक्समध्ये राहू लागल्यापासून या रोख्यांचे कायदे मी हौसेने वाचत आलो आहे. मी वकील नाही, त्यामुळे जाणकारांनी दुरुस्ती करावी.

माझ्या वाचनात एक मुद्दा पुन्हा पुन्हा समोर आला आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे. या रोख्यांची सारी सुरक्षितता जमिनीवरच्या सक्तीत आहे. डिस्ट्रिक्टच्या हद्दीतील प्रत्येक मालकाच्या जमिनीवर दरवर्षी आकारणी बसते, ती थकली तर जमिनीवर बोजा चढतो आणि अखेर जमीन विकली जाते. इथवर यात नवल नाही. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. काही मालकांनी आकारणी भरलीच नाही आणि त्यांच्या जमिनीला गिऱ्हाईकही मिळाले नाही, तर राहिलेली तूट पुढच्या वर्षी भरणाऱ्या मालकांच्या माथी मारता येते का? माझ्या मते गेल्या सव्वाशे वर्षांतील या क्षेत्रातला बहुतेक कायदा या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात, आणि दिलेले उत्तर निस्तरण्यात खर्ची पडला आहे.

सुरुवात १८८७ च्या कॅलिफोर्नियातील राइट कायद्याने झाली. मोडेस्टोचे आमदार सी. सी. राइट यांनी तो मांडला होता. डिस्ट्रिक्ट स्थापन करण्यासाठी दोन तृतीयांश मते लागत, रोख्यांसाठी मात्र साधे बहुमत पुरत असे. मताचा हक्क हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला होता, म्हणजे ज्याच्या नावावर वीतभरही जमीन नाही अशा गावातल्या दुकानदारालाही होता. आकारणी मात्र जमिनीच्या किमतीवर होती. मोठमोठ्या गहू पिकवणाऱ्या आणि गुरे पाळणाऱ्या जमीनदारांना ही रचना जाचली यात आश्चर्य नाही, आणि पुढची दहा वर्षे ते कोर्टात लढत राहिले.

ही लढाई १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात फॉलब्रुक इरिगेशन डिस्ट्रिक्ट विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात निकाली निघाली. पन्नासएक डॉलरच्या थकबाकीसाठी जमिनीची विक्री होऊ नये, असा मालकिणीचा दावा होता. डिस्ट्रिक्टच्या बाजूने माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन उभे राहिले, यावरून या खटल्यात किती जणांचे पैसे अडकले होते याची कल्पना यावी. पाणी प्रत्यक्षात काही थोड्या शेतांना मिळणार असले तरी रखरखीत मुलखात सिंचन हे सार्वजनिक कामच आहे, आणि जमिनीला होणाऱ्या लाभापोटी मालकाच्या इच्छेविरुद्धही आकारणी करता येते, असे न्यायालयाने ठरवले. सिंचन रोख्यांचा घटनात्मक पाया या निकालाने घातला.

रोखेवाचक

उत्तम विषय. राइट कायद्याच्या अपयशाबद्दल थोडी भर घालतो, कारण ‘जमीनदारांनी खटले लावले म्हणून योजना बुडाल्या’ एवढेच सांगितले तर चित्र अर्धवट राहते. या कायद्याखाली दहा वर्षांच्या आत सुमारे पन्नास डिस्ट्रिक्ट स्थापन झाले आणि त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच टिकले. टरलॉक आणि मोडेस्टो हे त्यांतले दोन, आणि ते आजही चालू आहेत. बाकीच्यांचे काय झाले हे रोख्यांच्या विक्रीच्या नियमात दिसते. दर्शनी किमतीच्या ९० टक्क्यांखाली रोखे विकू नयेत अशी अट कायद्यात होती. पण बाजारात त्या भावाला कोणी घेईना, तेव्हा ठेकेदाराला, जुन्या कालवा कंपनीला किंवा पाण्याचा हक्क विकणाऱ्याला रोख रकमेऐवजी रोखेच देण्याची वाट लोकांनी धरली. पूर्ण किमतीत रोखे द्यायचे आणि त्या बदल्यात फुगवलेल्या किमतीचा कालवा किंवा कागदावरचे पाणी घ्यायचे, असे व्यवहार झाले. अट अक्षरशः पाळली गेली आणि तिचा हेतू मात्र वाऱ्यावर गेला.

त्यावर आलेले उपाय मला जास्त महत्त्वाचे वाटतात. १८९७ च्या ब्रिजफोर्ड कायद्याने स्थापनेच्या आणि रोख्यांच्या अटी कडक केल्या. पुढे १९११ पासून कॅलिफोर्नियात एक तपासणी आयोग आला. त्यात राज्याचे महाधिवक्ता, राज्य अभियंता आणि बँकांचे अधीक्षक हे तिघे बसत. पाणी पुरेसे आहे का, जमीन लागवडीजोगी आहे का, आणि डिस्ट्रिक्टचे एकूण कर्ज त्यातील जमीन, पाण्याचे हक्क व बांधकामे यांच्या बाजारभावाच्या ६० टक्क्यांच्या आत आहे का, हे तपासून आयोग शिक्कामोर्तब करी. शिक्का मिळालेले रोखे बचत बँका आणि विमा कंपन्यांना घेता येत. म्हणजे राज्याने हमी दिली नाही, पण विधवा आणि पेन्शनर यांच्या ठेवींचे दार या रोख्यांना उघडून दिले. विसाव्या शतकातील दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकात या रोख्यांचा बाजार फुलला तो या दारातून.

तुंगभद्रा

एक शंका. रोखे विकून झाल्यावर कोणी उठून ‘निवडणुकीची नोटीस बरोबर नव्हती, म्हणून रोखे रद्द’ असे म्हणू लागला तर रोखेधारकाने काय करायचे? एवढ्या खटल्यांच्या वातावरणात कोणी पैसे लावायला कसा तयार झाला?

पाटचारी

तुंगभद्रा, याची तरतूद १८८९ मध्येच झाली. विक्रीच्या आधी डिस्ट्रिक्टने स्वतः कोर्टात जायचे, जाहीर नोटीस काढायची, ज्याला हरकत घ्यायची त्याने यायचे, आणि न्यायालयाने स्थापना, निवडणूक व रोखे वैध आहेत का यावर निवाडा द्यायचा. असा निवाडा झाला की रोखेधारक निर्धास्त, ही कल्पना. पण मोडेस्टो डिस्ट्रिक्टविरुद्ध ट्रेजी नावाच्या मालकाचे प्रकरण १८९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने ते निकालात काढण्यासच नकार दिला. रोखे अजून विकलेच नाहीत, समोर दुसरा पक्षच नाही, मग हा वाद नसून केवळ पुरावा गोळा करण्याची कारवाई आहे, असे त्याचे म्हणणे होते. तरीही राज्यांच्या न्यायालयांत ही पद्धत रुजली, आणि वैधतेला आव्हान देण्याची मुदत बांधून देणारे कायदे आजही पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत आहेत. माझ्या मते सामान्य शेतकऱ्याने या मुदतीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे, कारण ती अल्प असते आणि निघून गेल्यावर तक्रार कितीही खरी असली तरी कोर्ट तिकडे फिरकत नाही.

भीमाकाठ

मूळ प्रश्नाकडे येऊ या. शेजारी थकला तर भार कोणावर, याचे उत्तर काय मिळाले? आमच्याकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाची जी गत होते तशीच ही गोष्ट दिसते. फरक एवढाच की इथे जामीन राहायचे की नाही हे कोणी विचारलेले नाही.

पाटचारी

भीमाकाठ, तुलना अचूक आहे. उत्तर राज्याराज्यांत वेगवेगळे होते, पण वजनदार उत्तर वॉशिंग्टन राज्यातून आले. रिचलँड इरिगेशन डिस्ट्रिक्टमध्ये आपली आकारणी भरून मोकळ्या झालेल्या मालकांवर थकलेल्या जमिनींची तूट भरून काढण्यासाठी जादा आकारणी बसवली गेली. ते कोर्टात गेले. रॉबर्ट्स विरुद्ध रिचलँड या १९३३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आकारणी कायम केली. हे रोखे साऱ्या डिस्ट्रिक्टचे सामाईक ऋण आहे, प्रत्येक शेताचे सुटे ऋण नाही, आणि तूट भरण्याची तरतूद कायद्यात आधीपासून असल्याने त्यात घटनेचा भंग होत नाही, असा त्याचा आशय होता.

रोखेधारकाच्या बाजूने पाहिले तर हा नियम पोलादी वाटतो. प्रत्यक्षात मंदीच्या काळात याच नियमाने रोखे बुडवले. पिकांचे भाव पडले, काही मालक थकले, त्यांची तूट इतरांवर आली, त्यामुळे आकारणी वाढली, वाढलेल्या आकारणीने आणखी मालक थकले. उरलेल्या थोड्या भरणाऱ्यांवर सारा डोंगर येऊन पडला, तेव्हा जमिनीच्या किमतीपेक्षा बोजा मोठा झाला आणि तेही भरणे सोडून चालते झाले. शेवटी डिस्ट्रिक्टच्या हाती जमिनी राहिल्या, त्यांना गिऱ्हाईक नव्हते आणि आकारणी लावायला माणूस नव्हता. कोर्टाकडून ‘आकारणी वाढवा’ असा आदेश रोखेधारकाला मिळत असे, पण ज्याच्याकडून वसूल करायचे तोच उरला नसेल तर आदेशाचे काय करणार?

या पेचातून राज्यांना स्वतः सुटता येत नव्हते. कंत्राटाचे बंधन शिथिल करणारा कायदा कोणत्याही राज्याने करू नये, असे अमेरिकेच्या घटनेतच आहे. म्हणजे मुद्दल कमी करण्याची शक्ती राज्याला नाही. ती फक्त केंद्राच्या दिवाळखोरी कायद्यात असू शकते.

रोखेवाचक

आणि तिथेही पहिल्या फेरीत तोंडघशी पडले. मे १९३४ मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) स्थानिक संस्थांच्या कर्जांसाठी दिवाळखोरी कायद्यात नवे प्रकरण (चॅप्टर) घातले. टेक्ससमध्ये रिओ ग्रँदच्या काठी कॅमेरॉन काउंटीतील एका पाणी डिस्ट्रिक्टने आठ लाख डॉलरच्या रोख्यांपोटी डॉलरमागे ४९.८ सेंट देऊन हिशेब मिटवण्याची योजना मांडली. १९३६ मध्ये ॲश्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी तो कायदाच रद्द केला. राज्याच्या अंगभूत संस्थेच्या कर्जात केंद्राने हात घातला तर राज्यांचे सार्वभौमत्व उरत नाही, हा न्यायमूर्ती मॅकरेनल्ड्स यांचा युक्तिवाद होता. राज्याला कर्ज कमी करता येत नाही, केंद्रालाही येत नाही, मग कोणालाच येत नाही, अशी ती स्थिती होती. न्यायमूर्ती कार्डोझो यांचे मतभेदाचे मत मला आजही जास्त पटते.

१९३७ मध्ये काँग्रेसने तोच कायदा थोड्या वेगळ्या घडणीने पुन्हा केला. त्यात राज्याच्या संमतीवर आणि संस्थेच्या राजकीय अधिकारांना हात न लावण्यावर भर होता. कॅलिफोर्नियाच्या टुलारी काउंटीतील लिंडसे-स्ट्रॅथमोर इरिगेशन डिस्ट्रिक्टने डॉलरमागे सुमारे ६० सेंटची योजना मांडली आणि बेकिन्स कुटुंबातील रोखेधारकांनी तिला विरोध केला. एप्रिल १९३८ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. आज शहरांच्या दिवाळखोरीची चर्चा होते तेव्हा डेट्रॉइटचे नाव निघते, पण ज्या प्रकरणाखाली डेट्रॉइट गेले त्याचा घटनात्मक पाया सिंचनाच्या खटल्याने घातलेला आहे, हे फारसे कोणी सांगत नाही.

या योजनांना पैसा कोठून आला हेही लिहायला हवे. केंद्राच्या रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशनने डिस्ट्रिक्टना नवे कर्ज दिले, त्यातून जुने रोखे सवलतीत सोडवून घेतले. कॅलिफोर्नियातील मर्सेड डिस्ट्रिक्टच्या रोखेधारकांना डॉलरमागे सुमारे साडेएक्कावन्न सेंट मिळाले. काहींनी नाकारले आणि वर्षानुवर्षे भांडले. दोन तृतीयांश रकमेच्या धनकोंची संमती आणि न्यायालयाची मान्यता मिळाल्यावर उरलेल्यांवरही योजना बंधनकारक होते, हा नियम अशा अडून बसणाऱ्यांसाठीच आहे.

तुंगभद्रा

मग मताच्या हक्काचे काय झाले? राइट कायद्यात बिनजमिनीच्या माणसाला मत होते, असे धाग्यात वर आले आहे. ॲरिझोनात तर एकरावर मत मोजतात असे ऐकले होते. एकविसाव्या शतकात हे कसे चालते?

पाटचारी

ॲरिझोनात खरोखर एकरावर मत आहे, आणि हे रोख्यांच्या कायद्याशी घट्ट बांधलेले आहे. सॉल्ट रिव्हर खोऱ्यातील जमीनमालकांनी १९०३ मध्ये पाणीवापर संघ स्थापन केला आणि आपल्या जमिनी केंद्र सरकारच्या कर्जाला तारण दिल्या. त्या पैशातून १९११ मध्ये रूझवेल्ट धरण पूर्ण झाले. पुढे वीजनिर्मिती वाढली, कर्ज वाढले, आणि संघ खाजगी असल्याने त्याच्या रोख्यांवरील व्याजाला करमाफी नव्हती. त्यासाठी १९३७ मध्ये त्याच मालकांनी डिस्ट्रिक्ट स्थापन केला. राज्याची राजकीय उपसंस्था झाल्यामुळे व्याज करमुक्त आणि म्हणून कर्ज स्वस्त, हे साधे गणित होते. १९४० मध्ये ॲरिझोनाच्या घटनेत दुरुस्ती होऊन सिंचन, वीज, कृषी सुधार आणि निचरा डिस्ट्रिक्टना नगरपालिकांचे हक्क व सवलती स्पष्टपणे देण्यात आल्या.

आता पेच पाहा. रोख्यांच्या करमाफीसाठी डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकार. पण सरकार असेल तर ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व लागू व्हायला हवे, आणि इथे तर बहुतेक संचालक निवडताना एक एकर, एक मत आणि एकराच्या अंशाला मताचा अंश. राज्याच्या जवळपास निम्म्या लोकसंख्येचा भाग या हद्दीत येतो आणि वीज घेणाऱ्या भाडेकरूला या निवडणुकीत स्थान नाही. १९८१ च्या बॉल विरुद्ध जेम्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी ही पद्धत वैध ठरवली. कारण असे दिले की डिस्ट्रिक्टचे मूळ काम मर्यादित आहे, त्याला पोलीस, शाळा, विक्रीकर असले सर्वसाधारण अधिकार नाहीत, आणि रोख्यांपोटी बोजा चढतो तो फक्त मालकांच्या जमिनीवर चढतो, म्हणून मतही त्यांचेच. न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधी मतात दाखवून दिले की कर्ज प्रत्यक्षात फिटते ते वीजग्राहकांच्या बिलातून. मला व्हाइट यांचे म्हणणे जास्त वास्तव वाटते. कायद्याच्या कागदावर तारण जमीन आहे आणि व्यवहारात तारण वीजमीटर आहे. यामुळेच आता बहुतेक मोठे कर्ज उत्पन्नाधारित रोख्यांच्या रूपाने निघते, ज्यात जमिनीवर बोजा नसतो आणि फक्त पाणी-विजेच्या वसुलीवर हक्क असतो. शेजाऱ्याची थकबाकी शेजाऱ्यावर, हा जुना नियम त्यामुळे मोडावा लागला नाही. तो आपोआप बाजूला पडला.

भीमाकाठ

आपल्याकडच्या अनुभवाशी ताडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी मे २००० पूर्वी अडवायचे म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ कायद्याने स्थापन झाले आणि त्याने खुल्या बाजारातून रोखे उभारले. पुढच्या दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा ही महामंडळेही आली. या रोख्यांमागे लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याची जमीन नव्हती, राज्य सरकारची हमी होती. त्यामुळे शेतकऱ्यावर जामिनाचे संकट आले नाही, हे चांगलेच झाले. पण त्याला मतही नव्हते. कोणता कालवा आधी, कोणत्या धरणासाठी किती कर्ज, हे त्याला कोणी विचारले नाही, आणि पाणीपट्टीतून कर्ज फिटेल असे कोणी मनापासून मानलेही नव्हते. भार शेवटी राज्याच्या अर्थसंकल्पावर गेला, म्हणजे ज्याच्या शेतात थेंबही आला नाही त्या करदात्यावरही गेला. अमेरिकेत भार फार थोड्यांवर पडून योजना मोडली. आपल्याकडे तो इतका पसरला की कोणालाच टोचला नाही, आणि अर्धवट कालवे तसेच राहिले.

रोखेवाचक

भीमाकाठ, गुजरातचे उदाहरण याहून बोलके आहे. सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ मध्ये ३,६०० रुपयांना रोखे विकले आणि २० वर्षांनी १,११,००० रुपये देण्याचे वचन दिले. मधल्या ठरावीक वर्षी पैसे काढून घेण्याचा पर्याय होता, पण तो गुंतवणूकदाराचा होता, निगमचा नव्हता. व्याजदर उतरल्यावर हे वचन महाग पडू लागले. तेव्हा २००८ मध्ये विधानसभेने खास कायदा करून मुदतीआधी रोखे सोडवण्याचा अधिकार निगमला दिला, आणि जानेवारी २००९ मध्ये ५०,००० रुपये देऊन हिशेब संपवण्यात आला. आपल्या संविधानात कंत्राट अबाधित ठेवण्याची तशी थेट तरतूद नाही. वर ॲश्टन आणि बेकिन्सची जी कसरत सांगितली ती अमेरिकेत का करावी लागली, हे या तुलनेत नीट कळते. तिथल्या विधिमंडळाला एका ठरावाने हे करता आले नसते.

वाचकमित्र

धागा संपूर्ण वाचला. माझी अडचण व्यवहाराची आहे. मी सॅक्रामेंटोजवळ राहतो आणि निवृत्तीच्या पैशातून पाणी डिस्ट्रिक्टचे रोखे घ्यावेत असे दलाल सुचवतो. ‘सरकारी आहेत, काळजी नाही’ एवढेच तो सांगतो. इतिहास बाजूला ठेवून आज काय पाहावे?

रोखेवाचक

वाचकमित्र, मी सल्लागार नाही, पण काय वाचावे हे सांगू शकतो. या रोख्यांना केंद्रीय रोखे आयोगाकडे नोंदणी करावी लागत नाही, मात्र फसवणुकीविरुद्धचा कायदा त्यांना पूर्णपणे लागू आहे. उदाहरण कॅलिफोर्नियातलेच आहे. वेस्टलँड्स वॉटर डिस्ट्रिक्टने रोखेधारकांना वचन दिले होते की दरवर्षी निव्वळ उत्पन्न कर्जफेडीच्या सव्वापट राहील. २०१० मध्ये दुष्काळात पाणी कमी मिळाले, उत्पन्न घटले. दर वाढवण्याऐवजी हिशेबाच्या नोंदी फिरवून सव्वापट दाखवण्यात आले आणि २०१२ च्या रोखेविक्रीत तोच आकडा छापला. नोंदी फिरवल्या नसत्या तर ते प्रमाण ०.११ आले असते. २०१६ मध्ये आयोगाने डिस्ट्रिक्टला १,२५,००० डॉलरचा दंड केला.

म्हणून पहिले हे पाहा की रोखा जमिनीच्या आकारणीवर आहे की पाण्याच्या उत्पन्नावर. उत्पन्नावर असेल तर दर वाढवण्याचे वचन आणि दुष्काळी वर्षांचे आकडे शोधा, सुकाळाचे नव्हे. आकारणीवर असेल तर हद्दीतले सर्वांत मोठे दहा जमीनमालक कोण आणि त्यांच्याकडून किती टक्के येते, हे विक्रीच्या दस्तऐवजात दिलेले असते. निम्मी आकारणी दोन कंपन्यांकडून येत असेल तर १९३३ चा धडा तुमच्यासाठी जुना झालेला नाही. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २१८ (मतदारांच्या कौलाने झालेली घटनादुरुस्ती) नंतर नवी आकारणी लावायला मालकांचा कौल घ्यावा लागतो आणि तो आकारणीच्या रकमेनुसार मोजला जातो, त्यामुळे ‘गरज पडली तर आकारणी वाढवू’ हे वाक्य वाचताना ती कोणाच्या संमतीने वाढणार, ते शोधावे. हे सारे दस्तऐवज स्थानिक संस्थांच्या रोख्यांची माहिती देणाऱ्या ‘एम्मा’ (EMMA) या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दलालाने ते पाठवले नाहीत तरी रोख्याचा क्रमांक टाकून काढता येतात.

वाचकमित्र

आभारी आहे. क्रमांक मागवून घेतला. दस्तऐवजाची पाने दोनशेच्या वर आहेत; मोठ्या जमीनमालकांचा तक्ता आधी काढतो आणि त्यात न समजणारे काही आढळल्यास इथेच विचारतो.